चौबगला

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

उन्हाळ्याच्या निमित्तानं शिवणकामावर काही बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी हसलेच. आमच्या घरात शिवणकामावर बोलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीचा, आणि ती व्यक्ती म्हणजे आई. मी बँकेत तीस वर्षं नोकरी केली. तुटलेलं बटण लावणं, साडीला फॉल लावणं आणि फार तर उशीचा अभ्रा शिवणं, एवढीच माझी मजल. पण गेल्या उन्हाळ्यात मी एक कुडता शिवला. एकच. त्याचीच हकिगत आज सांगणार आहे.

नागपुरात महालातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आई शिवणवर्ग घ्यायची. १९६४ साली सुरू केला आणि १९९५पर्यंत चालवला. दोन मशिनं, एक लांबलचक टेबल, भिंतीवर खडूचा फळा. दुपारी दोन ते पाच मुली यायच्या. कुणी लग्न ठरलेली, कुणी लग्न मोडलेली, कुणी नुसतीच घरात बसून कंटाळलेली. झबलं-टोपड्यापासून सुरुवात, मग परकर, पोलकं, फ्रॉक, कुडता, शेवटी ब्लाउज. ब्लाउजपर्यंत पोचायला वर्ष लागायचं. आई रागावायची फारशी नाही, पण दोन गोष्टींना तिच्याकडे माफी नव्हती. कापडाच्या कात्रीनं कागद कापला, तर ती मुलगी त्या दिवशी घरी. आणि नवं कापड न भिजवता कापायला आणलं, तर ती मुलगी अंगणातल्या नळावर. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंच. रात्रभर भिजवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, इस्त्री करायची, मगच त्याला खडू लावायचा. ‘कापडाला आधी पाणी दाखवा’ हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की पाढ्यांसारखं पाठ आहे.

मी मात्र तिच्याकडून काही शिकले नाही. घरचीच विद्या, केव्हाही शिकता येईल, असं वाटायचं. शिवाय तेव्हा रेडिमेडचं वेड होतं. आईनं शिवलेलं घालणं म्हणजे गावंढळपणा, अशी माझी कॉलेजातली समजूत. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, म्हणून मीही कधी बोलले नाही.

२०२३च्या जानेवारीत आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन ती घरातल्या घरात चालते. हात आला नाही. बोलणं आलं, पण तुटक. शब्द तिला माहीत असतो, जिभेवर येत नाही. ‘चष्मा’ म्हणायचं असतं आणि तोंडातून ‘चमचा’ निघतो. मग ती स्वतःवरच चिडते आणि गप्प बसते. तिच्याशी बोलताना घाई करायची नाही आणि तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, हे आम्हाला शिकायला बरेच दिवस लागले.

अशा माणसाला साडी नेसवणं किती कठीण असतं, हे नेसवणाऱ्यालाच माहीत. तिला उभं धरायला एक माणूस लागतो, नेसवायला दुसरा. बाथरूमला जायचं म्हटलं की पुन्हा सगळं. ब्लाउजच्या बाहीत तो हात घालताना तिला कळवळायला व्हायचं. शेवटी वहिनीनं बाजारातून चार गाऊन आणले. तिचंही काही चुकलं नाही. सगळ्या आजारी बायका गाऊनच घालतात. पण ते गाऊन कसे असतात, तुम्ही पाहिलेच असतील. बशीएवढाली फुलं, गळ्याला सुरसुरी झालर, आणि कापड म्हणाल तर हाताला सुती लागतं, अंगावर चढलं की खरं रूप दाखवतं. नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या घरात. कूलरला नव्या वाळ्याचे ताटे लावलेले, तरी आईच्या पाठीवर घामोळं उठलं.

ते घामोळंही तिनं सोसलं असतं. तिला सोसवत नव्हतं ते वेगळंच. कुणी भेटायला आलं की ती डाव्या हातानं खुर्चीवरचा टॉवेल ओढून छातीवर घ्यायची. तिच्या वर्गातली एक जुनी मुलगी, म्हणजे आता पासष्टीची बाई, भेटायला आली तेव्हा आईनं भिंतीकडे तोंड केलं आणि ती जाईपर्यंत वळवलंच नाही. आयुष्यभर पांढरं स्वच्छ पातळ चापूनचोपून नेसलेली बाई ती. अर्ध्या महालाला तिनं कपडे कसे बसायला हवेत ते शिकवलेलं, आणि तिच्याच अंगावर हे असलं बुजगावण्याचं कापड!

त्या रात्री मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली.

ट्रंकेत आईचे कागदी नमुने होते. खाकी ब्राऊन पेपरवर कापलेले, एकेका कपड्याचं एकेक पुडकं, वरून सुतळी. प्रत्येकावर आईच्या ठळक अक्षरात नाव. कसरीनं काही खाल्ले होते, काही घडीवर फाटले होते. त्यात एक पुडकं होतं : ‘उन्हाळी कुडता, बायकांचा, १९७२. छाती ३६, सैल ६. पन्हा ३६, वार अडीच.’ मीटर येऊन दहा वर्षं झाली होती, पण आईच्या वर्गात वारच चालायचा. दुकानातून मीटरनं कापड आणायचं आणि वर्गात आलं की ते वार व्हायचं. अडीच वार म्हणजे नव्वद इंच, मीटरच्या भाषेत साधारण दोन मीटर तीस सेंटीमीटर.

कागदी नमुन्यांची गोष्टही मोठी गमतीची आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग या गावी एबेनेझर बटरिक नावाचा शिंपी होता. निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने कापून ते विकायला त्यानं १८६३ साली सुरुवात केली. सिंगरला त्याच्या शिलाई मशिनचं पेटंट मिळून तेव्हा बाराच वर्षं झाली होती. मशीन घरात आलं होतं, पण कापायचं कसं हे शिंप्याच्या डोक्यात. बटरिकनं ते कागदावर उतरवलं आणि पोस्टानं घरोघर पाठवलं. नवलाची गोष्ट अशी, की सुरुवातीची कित्येक दशकं या नमुन्यांच्या कागदावर काहीही छापलेलं नसायचं. नुसती भोकं पाडलेली आणि कडांना खाचा. कोणत्या भोकाचा अर्थ काय, हे ज्याला माहीत त्यालाच तो कागद वाचता यायचा. हे मला नंतर कळलं. आधी कळतं तर माझे चार दिवस वाचले असते.

आईच्या पुडक्यातही फारसं काही लिहिलेलं नव्हतं. पाठपोट एकच असलेला मधला लांब तुकडा, खांद्यावर जोड नाही. एक बाही. एक कळी. गळ्याची पट्टी. आणि साडेचार इंचांचा एक चौकोनी कागद, ज्यावर अक्षरही नव्हतं, नुसते चार कोपऱ्यांत पेन्सिलीचे चार ठिपके. तो मला खूण म्हणून ठेवलेला एखादा तुकडा वाटला. मी तो बाजूला काढून ठेवला.

हा कुडता म्हणजे आपला जुना कळीदार कुडताच. त्याची कापणी इतकी हुशारीची आहे की बँकेतल्या माणसालाही दाद द्यावीशी वाटते. मुंढ्याची गोलाई नाही, डार्ट नाही, सगळे तुकडे सरळ रेषांचे. मधला तुकडा १५ इंच रुंद. शिलाई गेली की चौदा. पुढचे चौदा आणि मागचे चौदा, अठ्ठावीस झाले. दोन्ही कुशींना दोन दोन कळ्या. कळी वर साडेतीन इंच, खाली आठ. चार कळ्यांचे वरचे चौदा इंच मिळवले की झाले बेचाळीस. छत्तीस अधिक सैल सहा, हिशेब पुरा. आणि कळ्या कापायच्या कशा? साडेतेरा इंच रुंदीचा एक आयत घ्यायचा आणि त्याला तिरपी कात्री लावायची. एक कळी डोक्यावर उभी, एक पायावर. दोन्ही सारख्या. मध्ये चिंधीसुद्धा पडत नाही. मी वर्तमानपत्र पसरून सगळं मांडून पाहिलं. छत्तीस पन्ह्याच्या अडीच वारात हे सगळे तुकडे जेमतेम पण बरोबर बसतात, आणि उरलेल्यात गळ्याच्या पट्ट्या निघतात. ज्या काळात कापड मोजून आणलं जायचं, त्या काळातल्या बाईची ही काटकसर. आमच्या शहरात एम्प्रेस मिल होती तेव्हा. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला सुरू केलेली. ती २००२ साली बंद पडली. आईच्या वर्गातल्या कितीतरी मुली मिलमधल्या कामगारांच्या. कापड बापानं विणायचं आणि मुलीनं कापायचं, आणि तरीही ते वाया घालवायची चैन कुणाला नव्हती.

आईचं माप आता चौतीसवर आलंय. मी मूळ माप तसंच ठेवलं, जरा जास्त सैल झालं तर बरंच. उंची मात्र चौतीसची अडतीस केली. कळीदार कापणीत हे सोपं असतं. कळी खालून लांबवली की घेर आपोआप वाढतो. आणखी एक बदल केला. मूळ कुडता डोक्यातून घालायचा होता. आईला ते जमणार नाही, म्हणून पुढचा भाग वरपासून खालपर्यंत मधोमध उघडा ठेवला आणि त्याला टिचबटणं लावायची ठरवली. हूक डाव्या हाताला जमत नाही, काज तर नाहीच. टिचबटण अंगावर टेकवून एका बोटानं दाबता येतं. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी आम्हाला एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवली होती. कपडा घालताना आधी अधू हात घालायचा, चांगला हात मागून. काढताना उलट, चांगला हात आधी सोडवायचा, अधू हात शेवटी. आणि अधू हात कधीही ओढायचा नाही. खांदा आधीच सैल पडलेला असतो.

शिकाऊ माणसानं एकदम चांगल्या कापडाला हात लावू नये, म्हणून पहिला कुडता मी मांजरपाटाचा शिवला. मशीन तीस वर्षं झाकून ठेवलेलं. तेल घातलं, पट्टा बदलला. उलटी टीप पडणं, दोरा तुटणं, बाही उलटी लागणं, हे सगळं यथासांग झालं. त्याचं वर्णन करत नाही. चौथ्या दिवशी कुडता झाला. हँगरवर तो फार छान दिसला, हे मुद्दाम सांगते. बाहीची खालची कड कळीच्या वरच्या कडेला साडेतीन इंच जोडली, तिथून वळून कुशीची शिलाई थेट खाली. कुठे फट नाही, कुठे सुरकुती नाही. मला वाटलं, जमलं की!

आईला घातला. उजवा हात कसाबसा गेला. डावा घालायला तिनं हात वर केला आणि सगळा कुडता त्या हाताबरोबर वर चढला. उजवीकडे तिचा हात उशीवर ठेवायला गेलो तर काखेत कापड ताठ ओढलं गेलं. आईनं डाव्या हातानं उजव्या काखेतलं कापड चिमटीत धरलं आणि म्हणाली, ‘‘इथं.’’

‘‘दुखतंय का गं?’’ मी विचारलं.

‘‘इथं. इथं... इथं.’’

‘‘टोचतंय? दोरा राहिलाय?’’

ती मान हलवत राहिली. चिमटीतलं कापड सोडेना. तिला काहीतरी शब्द सांगायचा होता. ‘चौ’ असं काहीतरी म्हणाली. मग ‘चौपाटी’ म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. वहिनी म्हणाली, राहू द्या ताई, त्यांना त्रास होतोय. आम्ही कुडता काढला, पुन्हा गाऊन घातला.

रात्री मी पुडकं आवरायला घेतलं आणि तो चौकोनी कागद हातात आला. साडेचार इंच. शिलाई जाऊन साडेतीन. कळीची वरची कड साडेतीन. बाहीची जोडलेली कड साडेतीन. चार बाजू. मला अगदी लख्ख कळलं. चौबगला!

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. चौबगला म्हणजे कुडत्याच्या काखेत बसवायचा चौकोन. त्याच्या दोन बाजू बाहीला जोडायच्या, दोन बाजू पुढच्या-मागच्या कळ्यांना. हात खाली असला की तो घडी घालून काखेत गप्प बसतो, दिसतही नाही. हात वर केला की उघडतो आणि लागेल तेवढं कापड देतो, त्यामुळे कुडता जागचा हलत नाही. सरळ रेषांच्या कापणीत मुंढ्याची गोलाई नसते, तिचं काम हा चार बोटांचा तुकडा करतो. त्याच्यावाचून कुडता शिवला तरी सगळं जुळतं, हीच खरी गोम आहे. कपाटात टांगायला कुडता तयार होतो. तो अंगात घालून हात हलवायचा असेल तरच चौबगला लागतो.

मी दुसऱ्या दिवशी काखेतली शिलाई उसवली आणि चौकोन बसवायला घेतला. तो काही केल्या बसेना. प्रत्येक कोपऱ्यात चुणी पडायची. दोनदा उसवलं. मांजरपाट विसविशीत व्हायला लागला. शेवटी मशीनच उचलून आईच्या खोलीत नेलं, तिच्या खुर्चीशेजारी. म्हटलं, ती बघेल तरी.

आईनं कुडता मांडीवर घेतला. डाव्या हाताचं पहिलं बोट कोपऱ्यावर फिरवलं. चुणीवर थांबली. मग कागदी चौकोन मागितला, म्हणजे हात पुढे केला. पेन्सिलीच्या ठिपक्यावर नख ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला कळेना. तिनं नख जोरात दाबलं, कागदाला भोक पडलं. ‘‘थांब,’’ म्हणाली.

मला वाटलं, मला थांबायला सांगतेय. मी थांबले. तर ती चिडली. ‘‘तू नाही. सुई.’’

ठिपके कोपऱ्यापासून दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच आत होते. टीप कडेपर्यंत न्यायची नाही. ठिपक्याशी थांबायची. सुई कापडात रुतलेली ठेवायची, दाबपट्टी उचलायची, कापड वळवायचं, पट्टी खाली टाकायची, मग पुढची बाजू. चार कोपरे, चार थांबे. मी कडेपासून कडेपर्यंत टीप मारत होते, म्हणून कोपरा आवळला जात होता. एवढी साधी गोष्ट. तिच्या वर्गात ती पंधरा वर्षांच्या मुलीला पाच मिनिटांत समजत असणार. मला एकोणसाठाव्या वर्षी समजली, आणि ती समजावून सांगायला आईकडे चारच शब्द होते.

मांजरपाटाचा कुडता उजव्या हातावर अलगद चढला. त्या दिवशी ‘दुखतंय’ म्हणाली नाही.

आता खरं कापड. केंब्रिक आणावं की खादी, याचा मी विचार करत होते. मलमल गारेगार असते, पण आरपार दिसते, आईला ते चालणार नाही. वहिनीनं सुचवलं, आईंच्याच सुती साड्या आहेत की कपाटात, किती मऊ झाल्यात. तिचं म्हणणं बिनतोड होतं. वापरलेली सुती साडी आटायची तेवढी आटलेली असते, अंगाला लागत नाही, पन्हाही मोठा. फक्त विरलेली नको, नाहीतर शिलाईपाशी फाटते. पण माझा हात धजेना. साडी कापायची म्हणजे आई पुन्हा साडी नेसणार नाही, हे आम्ही कबूल केल्यासारखं होतं. दोन वर्षं आम्ही घरात सगळेच ‘थोडं बरं वाटलं की’ असं म्हणत होतो. कपाटात तिच्या साड्या इस्त्री करून ठेवत होतो.

शेवटी तिलाच विचारायचं ठरवलं. तीन साड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, ‘‘आई, यातली एक कुडत्याला घेऊ का?’’ ती बराच वेळ काही बोलली नाही. पांढऱ्यावर हात ठेवला, काढला. शेवटी निळ्या बारीक चौकड्यांची ओढून घेतली. तिची घडी मोडली, पदर शोधला, काठ पाहिला. मग कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘बाकी... दे.’’ कुणाला दे, ते विचारलं तर वहिनीकडे बोट केलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत आले. तोवर तिनं साडी मांडीवर अंथरून ठेवली होती आणि डाव्या हातानं काठापासूनचं अंतर बोटांनी मोजत होती. काठ खालच्या घेराला येईल असा मी विचार केला होता. तिनं नाही म्हटलं. कळ्या तिरप्या असतात, काठ मोडून दिसेल. काठ बाह्यांना आणि पुढच्या पट्टीला. यातलं ती बोलली फक्त ‘तिरपं’. उरलेलं मी ताडलं, आणि या खेपेला बरोबर ताडलं.

कापताना कात्री मी धरली, कापड तिनं. तिच्या जुन्या कात्रीला धार लावून आणली होती. शिलाईच्या कडा अंगाला लागू नयेत म्हणून सगळ्या शिलाया दुहेरी घातल्या, आधी सुलट बाजूनं, मग उलट बाजूनं, कडा आत बंद. चौबगल्यापाशी मात्र हे मला जमलं नाही. तिथं कडा नुसत्या हातानं बिलगवून घेतल्या. आईनं त्यावर बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. पण उसवायला सांगितलं नाही.

हा कुडता तिनं संबंध जून महिना घातला. खाली तिचाच परकर. रात्री धुवायचा, पंख्याखाली टाकायचा, सकाळी पुन्हा तोच. टिचबटणं ती स्वतः लावते. सहा आहेत, पाचव्यापर्यंत पोचते. आषाढीला तिची ती जुनी मुलगी पुन्हा आली होती. आईनं टॉवेल घेतला नाही. त्या बाईंनी आत आल्याआल्या काखेतलं कापड उचलून पाहिलं. खोड जात नाही! मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘कोपरे तुम्ही घातले वाटतं?’’ यात कौतुक होतं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

एका कुडत्यावर भागणार नाही, म्हणून परवा मी इतवारीत जाऊन नवं केंब्रिक आणलं. फिकट पिवळं, दोन मीटर तीस. टेबलावर पसरलं, कागद मांडले, चौबगला सगळ्यात आधी मांडला. खडू हातात घेतला. आई खुर्चीतून बघत होती. तिनं कापडाची कड डाव्या हाताच्या चिमटीत धरली, चुरगाळली, सोडली.

‘‘पाणी,’’ म्हणाली.

मी तिच्यासाठी पेला भरून आणला. तिनं तो बाजूला सारला आणि कापडाकडे बोट दाखवलं.